पिवळा दोरा

पाठांतर माझं लहानपणापासून चांगलं होतं, आणि तेच एकदा माझ्या अंगाशी आलं. चर्चचं पूर्ण सभासद होऊन पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायच्या आधी आम्हा तरुण मुलामुलींचा दृढीकरणाचा वर्ग चालायचा. त्या वर्गात पाळकसाहेबांनी बायबलातली आत्म्याची नऊ फळं, म्हणजे नऊ गुण, पाठ करायला दिली होती. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. बाकीची मुलं ममतेपाशी अडखळायची. मी एका दमात म्हणून दाखवायचे, आणि कुणी विचारलं असतं तर शेवटून पहिल्यापर्यंतही म्हटली असती. कुणी विचारत नसे, याची मला मनातून हळहळ वाटे. सतरा वर्षांची होते मी, नाव सुवार्ता. चाळीतल्या मैत्रिणी मला नुसतं ‘वार्ता’ म्हणायच्या, कारण माझं तोंड दिवसभर चालू असायचं. तोंडाचा तो सराव या वयातही सुटलेला नाही, हे माझी सून सांगेल.

आमची चाळ पिंपरीहून भोसरीकडं जाणाऱ्या रस्त्याला होती. नगर जिल्ह्यातलं गाव सोडून पप्पा एका मोठ्या कंपनीत टर्नर म्हणून लागले आणि आम्ही तिथं आलो. घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडं कुणी बघत नसे. कंपन्यांचे भोंगे होते ना. आईला प्रत्येक भोंग्याचा आवाज ओळखू यायचा. सातचा जाडा भोंगा झाला की ती डाळीला फोडणी द्यायची आणि साडेतीनचा चिरका झाला की चहाचं आधण ठेवायची. पप्पा कामावरून आले की हातपाय धुऊन पेटी काढायचे. तिचा एक सूर मोडलेला होता, तो आला की पप्पा तेवढा सूर तोंडानं म्हणायचे. त्यामुळं मला कितीतरी वर्षं ती भजनं तशीच असतात असं वाटायचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या देवळात प्रभुभोजन असायचं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत मेजापाशी गुडघे टेकून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायचा. चर्चला आमच्याकडची जुनी माणसं देऊळच म्हणत. आणि त्याच्या आदल्या शनिवारी आमच्या घरात एक कडक रिवाज होता. आईचं म्हणणं असं की, कुणाशी बिघडलेलं असताना त्या मेजापाशी जायचं नाही. म्हणून शनिवारी दुपारनंतर ती स्टोव्हपाशी वांगी चिरत बसायची आणि एकेकाला विचारायची, ‘‘तुझं कुणाशी काय आहे?’’ ज्याचं असेल त्यानं दिवे लागायच्या आत जाऊन मिटवून यायचं. आल्याशिवाय ताट वाढलं जात नसे. पप्पा एकदा कंपनीतल्या एका गड्याला वेडंवाकडं बोलले होते. तो राहायचा दिघीला. पप्पा सायकल मारत दिघीला गेले, तो घरी नव्हता, परत आले, आईनं नुसतं वर बघितलं, तसे पुन्हा गेले. त्या रात्री रस्सा तीनदा गरम केला. खुद्द आई एकदा सुकटवालीची माफी मागायला बाजारात गेली होती आणि येताना पुन्हा भांडून आली, मग पुन्हा जावं लागलं. आम्ही भावंडं या शनिवारांना टरकून असायचो. खोटं मात्र कुणी बोलत नसे, कारण आई चिरता चिरता विळीवरून जी मान वर करायची, त्या नजरेपुढं कुणाचीच मात्रा चालत नसे.

दहावीनंतर मी भोसरीच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले. तिथं आम्ही बारा-तेरा मुली कॉइल गुंडाळायचो. केसासारखी बारीक तांब्याची तार, तिच्यावर वार्निशचा पातळ थर, आणि ती प्लॅस्टिकच्या रिळावर मशीननं गुंडाळायची. एका हाताच्या चिमटीत फेल्टचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, तुकडा धरून तार त्यातून सोडायची. तार किती ताणून सोडायची ते कुणी शिकवू शकत नाही, बोटांना कळावं लागतं. ढिली सोडली की वेढ्यांवर वेढे चढतात, थर खरवडतो आणि टेस्टिंगच्या टेबलावर दिवा लागत नाही. दिवा लागला नाही की कॉइल बाद. कुठली कॉइल कुणाची हे कळावं म्हणून प्रत्येकीनं शेवटच्या टोकाला आपल्या रंगाचा शिवणाचा दोरा बांधायचा. नग ट्रेवरून मोजले जायचे, दोरा फक्त टेस्टिंगला बघायचे. माझा दोरा लाल. शेजारच्या मशीनवरच्या मंगलचा पिवळा.

मंगल आमच्याच चाळीतली, शेवटच्या खोलीत राहायची. वडील नव्हते. आई जनाकाकू खानावळीत पोळ्या लाटायच्या. मायलेकी लातूरकडून आलेल्या. मंगल बोलायची कमी, पण बोलली की पुढच्याची बोलती बंद. आमच्या वर्कशॉपला सुट्टी गुरुवारी असायची आणि रविवारी काम चालू. दर रविवारी मी उपासनेला जाऊन अकराला कामावर यायचे आणि तोवर माझ्या वाट्याचे नग मंगल आपले सांभाळून काढून ठेवायची. तिला यात काही विशेष वाटत नसे. ‘‘जा गं, तुझ्या देवाला माझा नमस्कार सांग,’’ एवढंच म्हणायची. तिच्या डोक्यावर मात्र कायम एक टांगती तलवार होती. गावाकडच्या मामानं तिच्यासाठी एक स्थळ धरून ठेवलं होतं, दोन लेकरांचा बाप, बायको गेलेला. ‘पोरगी कामाला आहे’ एवढ्या एका वाक्यावर जनाकाकूंनी त्याला थोपवून धरलं होतं.

आता माझा प्रताप सांगते. त्या महिन्यात दृढीकरण जवळ आलं होतं. पहिल्या रविवारी आमचा विधी आणि लगेच पहिलं प्रभुभोजन. पाळकसाहेब सगळ्या मंडळीसमोर प्रश्न विचारणार होते, आणि मला त्या मंडळीसमोर चमकायचं होतं. म्हणून सोमवारी-मंगळवारी मशीनवर बसून मी फळं घोकत होते. प्रीती, आनंद, शांती. डोळे मिटून, मान हलवून. चिमटीतला फेल्ट कधी ढिला पडला, मला पत्ता नाही. त्यातच सोमवारी माझं लाल रीळ संपलं. दुसरं घ्यायला दुकानापर्यंत जायचा कंटाळा केला आणि मंगलच्या डब्यातलं पिवळं उचललं. तिला विचारलंसुद्धा होतं, ती तारेकडं बघतच ‘घे’ म्हणाली होती आणि विसरून गेली होती. दोन दिवसांत मी पिवळ्या दोऱ्याच्या एकशे वीस कॉइल काढल्या.

बुधवारी सुपरवायझर बेंद्रे टेस्टिंगच्या टेबलावरून उठून आले. हातात ट्रे. सगळ्या मुलींसमोर त्यांनी तो मंगलच्या पुढ्यात ठेवला. ‘‘शंभराच्या वर बाद. दिवाच लागत नाही. कुठं लक्ष असतं तुझं?’’ मंगलनं एक कॉइल उचलून बघितली. ‘‘ह्या माझ्या न्हाईत, सर.’’ ‘‘दोरा कुणाचा आहे?’’ तिनं दोऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.  तिला आठवलं होतं. ती वाट बघत होती, मी बोलेन म्हणून. आणि मी, जिला नऊच्या नऊ फळं उलटसुलट येत होती, खाली मान घालून तारेचं टोक शोधत बसले. पुढच्या सोमवारी माझे सहा महिने भरत होते, त्यानंतर मला कायम करणार होते, घरी सांगून झालं होतं. हे सगळं त्या क्षणी डोक्यात आलं असं म्हणायला आवडेल. खरं तर भीतीशिवाय काहीच आलं नाही. ‘‘पुन्हा कामाला येऊ नकोस,’’ बेंद्रे म्हणाले, तशी मंगल डबा उचलून निघून गेली. जाताना पिवळं रीळ मशीनवरच राहिलं.

तीन दिवस मी तिच्या खोलीवरून जायचं टाळलं, पाण्याला पलीकडच्या नळावर जायला लागले. शनिवारी पहिली पाळी करून घरी आले तर आई विळीपाशी. ‘‘तुझं कुणाशी काय आहे?’’ मी सगळं सांगितलं. आईच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. मग म्हणाली, ‘‘जा.’’

मंगल दारात तांदूळ निवडत होती. आत ट्रंक उघडी होती आणि जनाकाकू साड्यांच्या घड्या घालत होत्या. मी उभ्या उभ्याच माफी मागितली. छान मागितली, तीही मी मनात पाठ केली होती. मंगलनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘‘उद्या तुझं ते जेवण हाय ना देवळातलं?’’

‘‘हो.’’

‘‘म्हंजे कुणाशी वाकडं असलं तर तिथं बसू देत न्हाईत. म्हणून आलीस व्हय?’’

मी सुपातल्या तांदळाकडं बघितलं.

‘‘माफी मागून तू मोकळी झालीस, वार्ता. मी कुठं झाले? सोमवारी मामा यायलाय न्यायला. तिकडं कारखान्यात सगळ्याजणी म्हणायल्यात, मंगलला काम येत न्हाई. जा, जेव तू उद्या पोटभर.’’ आणि तिनं सूप उचललं आणि आत गेली.

मला राग आला. आज हे लिहिताना लाज वाटते, पण आधी रागच आला. माफी मागितली आणि वर हिचं बोलणं ऐकायचं? घरी येऊन तणतणत मी सगळं सांगितलं. मी जायची ती गेले, मागायची ती मागितली, आता तिनं नाही घेतली तर माझा काय दोष? पप्पा पेटीवर बोटं फिरवत होते. ती थांबवून त्यांनी विचारलं, ‘‘माफी कुठं मागितलीस?’’

‘‘तिच्या दारात.’’

‘‘आणि तिचं नाव कुठं गेलं?’’

 उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं. आईनं स्टोव्ह बारीक केला. इतकी वर्षं सगळ्यांना घराबाहेर पिटाळणारी आई त्या दिवशी म्हणाली, ‘‘अहो, सोमवारी तिचे सहा महिने भरतायत. मंगळवारी जाऊन सांगितलं तर नाही का चालणार?’’ आईला असं कच खाताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही कधी नाही. पप्पा म्हणाले, ‘‘मंगलचा मामा सोमवारीच येतोय.’’ तेव्हा आई स्वतःच उठली, माझी वेणी सुटली होती ती घट्ट घातली आणि म्हणाली, ‘‘ऊन आहे तोवर जाऊन या.’’

पप्पांच्या सायकलवर मागं बसून मी भोसरीला गेले. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मीही बोलले नाही. वर्कशॉपमध्ये दुसरी पाळी चालू होती, आमच्यातल्या पाच-सहाजणी ओव्हरटाइमला थांबल्या होत्या. पप्पा गेटपाशीच राहिले. ‘‘आत तुझं तू,’’ म्हणाले. बेंद्रे सरांपुढं उभी राहिले आणि सांगितलं की पिवळ्या दोऱ्याचा तो माल माझा आहे. त्यांनी विचारलं, ‘‘बुधवारी तोंड शिवलं होतं का?’’ मी म्हटलं, ‘‘हो सर.’’ दुसरं काय म्हणणार? मग मी म्हटलं, ‘‘मला हे सगळ्यांसमोर सांगायचंय.’’  मग त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

मशीनं थांबल्यावरची ती शांतता मला अजून ऐकू येते. इतक्या महिन्यांत त्या शेडमध्ये छताचे पंखेही आवाज करतात हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘‘बुधवारच्या बाद कॉइल मी काढल्या होत्या. माझं रीळ संपलं म्हणून मंगलचा दोरा घेतला होता. मंगलचं काम चोख आहे. माझंच चुकलं, आणि मी गप्प बसले.’’ हे मात्र मी पाठ केलेलं नव्हतं. बोलून झालं आणि छातीवरचा धोंडा असा काही उतरला की मला चक्क हसू आलं. बेंद्रे सरांना हसू आलं नव्हतं. ‘‘माल उद्या संध्याकाळी जायचाय,’’ ते म्हणाले. ‘‘एकशे वीस. तार कापून काढायची, नवी गुंडाळायची. उद्या आठला ये. आणि सहा महिने सोमवारपासून पहिल्यापासून मोजायचे.’’

‘‘आणि मंगल?’’

‘‘तिला निरोप दे, तिचं मशीन रिकामं आहे म्हणावं.’’

घराकडं येताना पप्पा शीळ वाजवत होते, मोडक्या सुरासकट. निरोप द्यायला गेले तर मंगल पाण्याला गेली होती. जनाकाकूंनी ऐकून घेतलं, ‘सांगते’ म्हणाल्या आणि ट्रंकेचं झाकण लावलं. एवढंच. आत काय चाललंय ते मला कळलं नाही. आईनं त्या दिवशी न विचारता ताट वाढलं आणि माझ्या ताटात वांग्याच्या दोन जास्तीच्या फोडी घातल्या.

रविवारी सकाळी सगळं घर पांढरे कपडे घालून देवळाला निघालं आणि मी डबासुद्धा न घेता भोसरीला. ज्या रविवारसाठी हा सगळा खटाटोप, त्या रविवारी वर्गातली बाकीची मुलं मंडळीसमोर उभी राहणार आणि मी तार कापत बसणार. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. तासाभरात माझे सहा नग झाले तेव्हा मी हिशेब केला. या चालीनं संध्याकाळपर्यंत निम्मेही होत नव्हते.

नऊच्या सुमाराला माझ्या शेजारचं स्टूल सरकलं. मंगल. पदर खोचलेला, तोंडावर रेष हललेली नाही.

‘‘सरक.’’

‘‘मंगल, तू आलीस?’’

‘‘तुझ्यासाठी न्हाई आले. दोरा माझा हाय ह्याला. नाव माझं हाय.’’ आणि तिनं ट्रेमधल्या साठ कॉइल आपल्याकडं ओढल्या.

आम्ही काम करायला लागलो. थोड्या वेळानं सवयीनं माझे ओठ हलायला लागले असणार, कारण मंगल तारेवरची नजर न काढता म्हणाली, ‘‘तोंड बंद. बोटांकडं बघ.’’ मी बघितलं. दोन वर्षांत चर्चच्या वर्गात मला सहनशीलतेवर जेवढं सांगितलं गेलं असेल, त्याहून जास्त त्या सकाळी त्या चिमटीत कळलं. तार ओढायची नाही आणि सोडूनही द्यायची नाही. ती जाते तशी जाऊ द्यायची, पण धरून ठेवून. माझी बोटं लाल झाली आणि प्रत्येक वेढा एकाशेजारी एक असा बसला की मला स्वतःचाच हेवा वाटला.

दुपारी मंगलनं डबा उघडला. बघितलं, मी डबा आणलेला नाही. तिनं ज्वारीची भाकरी मधोमध मोडली, अर्ध्यावर लसणाची चटणी ठेवली आणि माझ्यापुढं धरली. ‘‘घे, जेव. त्याच्यासाठीच चालली होती ना सगळी धडपड.’’ चटणी इतकी जहाल होती की डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, आणि ते बरंच झालं, कारण मी तशीही रडणारच होते. मंगल हसली. बुधवारनंतर पहिल्यांदा.

साडेपाचला आम्ही ट्रे टेस्टिंगच्या टेबलावर नेला. बेंद्रे सर एकेक कॉइल लावत होते आणि आम्ही दोघी दिव्याकडं बघत होतो. लागला. लागला. लागला. चाळीसनंतर ओव्हरटाइमच्या मुली येऊन मागं उभ्या राहिल्या. शंभरनंतर त्या मोठ्यानं मोजायला लागल्या. एकशे विसावा दिवा लागला तेव्हा बेंद्रे सरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ‘‘दोघी रोज शेजारीच बसा.’’ आम्ही भोसरीपासून चाळीपर्यंत पायी आलो, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून, रस्त्यानं गात. ती तिची गाणी म्हणत होती, मी माझी भजनं, मोडक्या सुरासकट. सोमवारी मामा आला, चहा प्याला, ‘पोरगी कामाला गेलीय’ हे ऐकलं आणि दुपारच्या गाडीनं एकटाच परत गेला.

मी कायम झाले ती सहा महिन्यांनी, मंगलनंतर. पुढं तीच त्या शेडची सुपरवायझर झाली, आणि माझा एकही ढिला नग तिनं कधी सोडला नाही. आज मी पिंपळे सौदागरला मुलाकडं असते. तो हिंजवडीला जातो आणि ट्रॅफिकमध्ये अडकला की मला फोनवर सहनशीलतेबद्दल विचारतो. मंगल दिघीला असते. नाताळच्या करंज्या घेऊन मी तिच्याकडं जाते आणि तिचा नातू मला ‘वार्ता आजी’ म्हणतो. आईचा शनिवारचा रिवाज मी माझ्या घरात चालू ठेवला. फरक एवढाच केला की, मिटवून आलेल्याला मी पप्पांचा प्रश्न विचारते, माफी कुठं मागितलीस म्हणून.

राहिलेलं दृढीकरण पुढच्या महिन्यात झालं. मी एकटीच होते त्या वेळी. पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीसमोर फळं विचारली आणि मी सौम्यतेपाशी अडखळले. पप्पा पहिल्या बाकावर बसून हसत होते. मग मेजापाशी गुडघे टेकले, हातावर भाकरीचा तुकडा आला, तोंडात घातला आणि मला लसणाच्या चटणीची चव लागली. खरंच लागली. या वयातही महिन्याच्या पहिल्या रविवारी लागते. हे मी कुठल्याही पाळकांना कधी सांगितलं नाही. मंगलला मात्र गेल्या नाताळात सांगून टाकलं. ती करंजी खाता खाता थांबली, आणि म्हणाली, ‘‘तिखट जास्तच पडलं होतं गं त्या दिवशी. रागानं कुटली होती. पण भाकरी मी दोघींच्या हिशेबानंच थापली होती.’’